भांडण बिलातल्या चुकीच्या ओळीवर झाले

सप्रेम नमस्कार ताई,

नाशिकहून पाठवलेले तुमचे पत्र आणि सोबत जोडलेल्या बिलाची प्रत मिळाली. बिल जोडलेत हे फार बरे केलेत, कारण पत्र वाचून माझा जो समज झाला होता तो बिल वाचल्यावर बराचसा बदलला. इतर वाचकांसाठी तुमची हकिगत आधी थोडक्यात सांगतो. गेल्या महिन्यात तुम्ही, यजमान, दोन मुले आणि सासू-सासरे असे सहा जण महामार्गालगतच्या एका हॉटेलात रात्रीच्या जेवणाला गेलात. तुम्ही दोघे आणि मुले मिळून चार ग्लास कोला मागवला, धाकट्याने मध्येच आणखी एक मागवला, सासू-सासऱ्यांनी लिंबू सोडा घेतला आणि वेटरने न विचारता पाण्याच्या दोन सीलबंद बाटल्या टेबलावर आणून ठेवल्या. कोल्याचा ग्लास ९५ रुपयांना, लिंबू सोडा ११० रुपयांना आणि २० रुपये छापलेली पाण्याची बाटली ४५ रुपयांना लागली. सासऱ्यांचा चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे त्यांनी हे दर वेटरच्या तोंडून ऐकले आणि ते संतापले. "एमआरपीपेक्षा जास्त घेणे हा गुन्हा आहे" असे त्यांनी गल्ल्यावर जाऊन मॅनेजरला सुनावले, मॅनेजरने खांदे उडवले, यजमानांनी "बाबा, बाहेर आल्यावर हिशेब कसला करता" म्हणून त्यांना गप्प केले आणि घरी परतताना गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. आता पुढच्या महिन्यात सासूबाईंची सत्तरी आहे. बाहेर जेवायला जायचे तर आहे, पण तुम्हाला तो प्रसंग पुन्हा नको आहे. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत. सासऱ्यांचे म्हणणे कायद्याने खरे होते का, थंड पेयांवर इतके पैसे जाऊ नयेत यासाठी काय करावे आणि असा हिशेब करणे म्हणजे कंजूषपणा आहे का.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देऊन टाकतो: नाही. पहिल्याला मात्र वेळ द्यावा लागेल.

सासऱ्यांचा संताप मी समजू शकतो, कारण आपल्या देशात छापील किमतीइतकी सर्वांच्या तोंडी असलेली दुसरी कायदेशीर गोष्ट क्वचितच सापडेल. वैधमापन शास्त्र अधिनियम, २००९ आणि त्याखालचे आवेष्टित वस्तूंविषयीचे २०११ चे नियम यांनुसार दुकानदाराने बंद वेष्टनातली वस्तू छापील कमाल किमतीपेक्षा अधिक दराने विकता कामा नये, आणि ती किंमत सर्व करांसह असते. म्हणून कोपऱ्यावरचा दुकानदार किंवा बसस्थानकावरचा स्टॉलवाला थंडगार बाटलीवर "फ्रीजचे दोन रुपये" वेगळे मागतो तेव्हा तो सरळ सरळ नियम मोडत असतो, आणि तिथे तुमच्या सासऱ्यांचे वाक्य जसेच्या तसे लागू पडते. एकाच वस्तूवर अनुचित व्यापारी हेतूने दोन वेगवेगळ्या कमाल किमती छापायलाही १ जानेवारी २०१८ पासून नियमांनी मनाई केली आहे.

पण हॉटेलात टेबलाशी बसून जेवणे ही कायद्याच्या नजरेत निराळी गोष्ट आहे. हॉटेल व्यावसायिकांच्या संघटनेने केंद्र सरकारविरुद्ध चालवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी असा निर्णय दिला की, हॉटेलात येणारा माणूस केवळ पाण्याची बाटली विकत घेऊन निघून जाण्यासाठी आलेला नसतो. तिथली बैठक, वाढणारी माणसे, भांडीकुंडी, वातावरण या सगळ्यांचा तो लाभ घेत असतो, आणि वस्तू व सेवा यांच्या अशा मिश्र व्यवहाराला छापील किमतीचे बंधन लागू होत नाही. तो खटलाच मुळात बाटलीबंद पाण्याचा होता. त्यामुळे २० रुपयांच्या बाटलीला ४५ रुपये लावणे आपल्याला कितीही खटकले तरी त्याच कारणावरून मॅनेजरला गुन्हेगार ठरवता येणार नाही. त्याने खांदे उडवले ते उर्मटपणाचे होते, पण निराधार नव्हते.

कोल्याच्या बाबतीत तर सासऱ्यांची बाजू आणखी लंगडी आहे. तुम्ही लिहिले आहे की, वेटर ग्लासात आधीच बर्फ भरून आणत होता आणि गल्ल्याजवळच्या फ्रीजमधल्या दोन लिटरच्या बाटलीतून पेय ओतले जात होते. आता एमआरपी असते ती बंद वेष्टनाला. फोडलेल्या बाटलीतून ग्लासात ओतलेल्या पेयाला छापील किंमतच नाही, तेव्हा तिचे उल्लंघन तरी कसे व्हावे? दोन लिटरची बाटली बाजारात शंभर रुपयांच्या आतबाहेर मिळते. बर्फाने निम्म्याहून अधिक भरलेल्या ग्लासात साधारण १६० मिलिलिटर पेय मावते असे धरले तर एका बाटलीत बारा ग्लास भरतात, आणि तळाचे गॅस निघून गेलेले दोन ग्लास टाकून दिले असे मानले तरी शंभर रुपयांच्या बाटलीचे ९५० रुपये होतात. हा हिशेब वाचून सासऱ्यांचा पारा पुन्हा चढणार हे मला ठाऊक आहे. पण यात बेकायदेशीर काही नाही. आहे ती फक्त भरमसाट नफेखोरी, आणि तिच्यावरचा उपाय कायद्याच्या पुस्तकात नसून मेनूकार्डाच्या शेवटच्या पानावर आहे. त्याकडे नंतर येतो.

आता कृपा करून ते बिल पुन्हा हातात घ्या. जेवणाचे पदार्थ १,६४० रुपयांचे, पाच ग्लास कोला ४७५ रुपयांचा, दोन लिंबू सोडे २२० रुपयांचे आणि पाणी ९० रुपयांचे, अशी बेरीज २,४२५ रुपये होते. म्हणजे पेयांचे ७८५ रुपये हा जवळपास एक तृतीयांश भाग आहे, आणि तुमची मूळ तक्रार इथवर रास्तच आहे. पण त्या बेरजेखाली बारीक अक्षरांत 'एस. सी. १०%' अशी एक ओळ आहे आणि तिच्यापुढे २४२ रुपये ५० पैसे लावले आहेत. ही दोन अक्षरे म्हणजे सर्व्हिस चार्ज, सेवा शुल्क. पुढे, या शुल्कासह झालेल्या रकमेवर पाच टक्के जीएसटी लावला आहे आणि एकूण आकडा २,८०१ रुपयांवर नेला आहे. ही ओळ नसती तर बिल २,५४६ रुपयांचे झाले असते. तुमच्या पत्राच्या चार पानांत या अडीचशे रुपयांचा उल्लेख एकदाही नाही, मॅनेजरशी झालेल्या वादातही तो आला नाही, आणि कायद्याने तुमच्या बाजूने उभे राहावे अशी त्या बिलातली ओळ नेमकी तीच होती.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचना या बाबतीत अगदी स्पष्ट आहेत. कोणत्याही हॉटेलने सेवा शुल्क आपोआप बिलात घालू नये, दुसऱ्या कोणत्या नावानेही ते वसूल करू नये, ग्राहकावर त्याची सक्ती करू नये, ते ऐच्छिक आहे हे ग्राहकाला सांगावे, आणि खाद्यपदार्थांच्या रकमेत ते मिळवून एकूण रकमेवर जीएसटी आकारू नये. तुमच्या हॉटेलाने यांपैकी किती सूचना एकाच ओळीत पायदळी तुडवल्या ते तुम्हीच मोजा. हॉटेलांच्या संघटनांनी या सूचनांना दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले होते. २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून सूचना वैध ठरवल्या आणि वर दंडात्मक खर्चही लावला. या निकालाविरुद्धच्या अपिलाच्या सुनावणीत, ऑगस्ट २०२५ मध्ये, खंडपीठाने हॉटेलवाल्यांना विचारलेला प्रश्न तुमच्या सासऱ्यांच्या मनातलाच आहे: २० रुपयांच्या पाण्याच्या बाटलीला वातावरणाच्या नावाखाली १०० रुपये घेतल्यावर पुन्हा सेवा शुल्क कशाचे?

मला या सगळ्या प्रकरणात हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटतो. छापील किमतीपेक्षा जास्त दर लावण्याचा अधिकार हॉटेलाला ज्या आधारावर मिळाला, तो आधार म्हणजे सेवा. बाटली आणून देणे, ती फोडून ग्लासात ओतणे, ग्लास विसळणे, पंख्याखाली किंवा एसीत बसवणे, या सगळ्याचे मोल २० आणि ४५ यांमधल्या २५ रुपयांत वसूल झालेले असते. तेच मोल खाली दहा टक्क्यांच्या रूपाने पुन्हा मागणे म्हणजे एकाच कामाची मजुरी दोन खिशांतून काढणे आहे. तुमच्या बिलात तर कोल्याच्या ९५ रुपयांवर साडेनऊ रुपये सेवा शुल्क आणि त्यावरही कर लागला आहे. वेटरने मनापासून आदरातिथ्य केले असेल तर त्याच्या हातात टीप अवश्य द्या. पण ती तुमच्या मर्जीची, तुमच्या हाताने दिलेली आणि त्याच्याच खिशात जाणारी असावी.

यजमानांनी कराचा मुद्दा काढला होता असे तुम्ही ओझरते लिहिले आहे, की सरकारनेच थंड पेयांवर इतका कर लावला आहे तर हॉटेलवाला तरी काय करणार. यात थोडे तथ्य आहे आणि बराच गैरसमज आहे. साखर घातलेल्या सोडायुक्त पेयांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि १२ टक्के भरपाई उपकर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून कराचे टप्पे बदलले तेव्हा उपकर गेला आणि थेट ४० टक्क्यांचा दर आला, म्हणजे ओझे होते तेवढेच राहिले. त्याच दिवशी साखर व स्वाद नसलेल्या साध्या सोड्यावरचा आणि बाटलीबंद पाण्यावरचा कर मात्र १८ वरून ५ टक्क्यांवर उतरला. दुकानातल्या २० रुपयांच्या कोल्याच्या बाटलीत जवळपास पावणेसहा रुपये हा कर असतो. शिवाय पाच टक्के दराने कर भरणाऱ्या हॉटेलाला खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. १५ नोव्हेंबर २०१७ पासून ही व्यवस्था आहे. त्यामुळे पेयावरचे ४० टक्के, जागेच्या भाड्यावरचे १८ टक्के, सगळे हॉटेलाच्या खर्चात जाऊन बसते आणि तुमच्या टेबलावर त्याच्यावर आणखी पाच टक्के चढतात. कराच्या वर कर लागतो ही तक्रार खरी आहे. पण पेयावरचा आणि बिलावरचा कर धरूनसुद्धा ९५ रुपयांच्या ग्लासामागे कराचा वाटा साधारण सात-आठ रुपयांचा भरेल. उरलेल्याचा जाब सरकारला विचारण्यात अर्थ नाही.

पेय बनवणाऱ्या कंपन्यांनाही या वाढीबद्दल दोष देता येत नाही. २००३ साली २०० मिलिलिटरची काचेची बाटली पाच रुपयांना मिळत होती हे तुमच्या यजमानांना आठवत असेल. वीस वर्षांनी, २०२३ मध्ये, कॅम्पा कोला पुन्हा बाजारात आला तो २०० मिलिलिटरला दहा रुपये या भावाने, आणि मग इतरांनाही दहा रुपयांच्या छोट्या बाटल्यांकडे लक्ष द्यावे लागले. वीस वर्षांत पाचाचे दहा झाले. वडापावाचे किंवा दुधाचे भाव एवढ्या कालावधीत इतक्या सावकाश वाढलेले नाहीत. दुकानातले थंड पेय तुलनेने स्वस्त राहिले आणि हॉटेलातले महागले, याचे कारण हॉटेलाच्या हिशेबात शोधावे लागते.

हा हिशेब सांगायला हॉटेलवाले संकोचत नाहीत, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. पनीरच्या भाजीचा किंवा थाळीचा दर ग्राहकाच्या डोक्यात पक्का असतो. शेजारच्या हॉटेलपेक्षा तो चाळीस रुपयांनी वाढला तर गिऱ्हाईक तोंडावर बोलून दाखवते आणि पुढच्या वेळी शेजारी जाते. जागेचे भाडे, आचाऱ्याचा पगार, व्यावसायिक सिलिंडर, घरपोच ॲपचे कमिशन यांचा वाढता भार म्हणूनच भाजीवर फार टाकता येत नाही. तो टाकला जातो जिथे ग्राहक दर विचारत नाही तिथे. पेय हे नेहमी ऐनवेळी मागवले जाते, मुले मागवतात, पाहुण्याला आग्रह करून मागवले जाते, आणि "थंड काय घेणार?" या प्रश्नाला "केवढ्याला?" असे उत्तर देणे आपल्याकडे अप्रतिष्ठेचे समजतात. पेयाला आचारी लागत नाही, चिरणे-परतणे लागत नाही, रात्री उरले म्हणून फेकावे लागत नाही. चित्रपटगृहांत आणि बर्गरच्या दुकानांत तर एक भाग पाकाला पाच भाग सोड्याचे पाणी मिसळणारे यंत्रच असते, त्यात कागदी पेल्याचा खर्चसुद्धा डोळ्यांत भरावा इतका आतला माल स्वस्त पडतो. एखादा हॉटेलमालक मला खासगीत म्हणाला की, "भाजी माणसे आणते, थंडा भाडे भरतो," तर मी त्याला खोटे म्हणणार नाही.

म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे की, दर विचारण्याची लाज टाका आणि तो वाद बिल आल्यावर नव्हे तर मागणी देण्याआधी संपवा. मेनूकार्ड हातात आले की पेयांचे पान आधी उघडा. ते बहुधा शेवटी असते. दर लिहिलेला नसेल तर वेटरला विचारा आणि मग मागवा. पाण्याच्या बाबतीत वेटर "बिसलेरी की साधे?" असे विचारतो तेव्हा त्या 'साधे' शब्दात जो हलकेपणा भरलेला असतो तो मनावर घेऊ नका, अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे हॉटेलात वापरायचे पाणी पिण्यायोग्यच असावे लागते. न मागता आणून ठेवलेली बाटली सील न फोडता परत पाठवा. तुमच्या टेबलावर ती ठेवली गेली एवढ्याने ती तुमची होत नाही. कोला घ्यायचाच असेल तर ग्लास न मागता बंद बाटली किंवा कॅन मागा, ती टेबलावर फोडायला सांगा आणि बर्फ वेगळा मागवा. दर चढाच लागेल, पण निदान किती मिलिलिटरचे किती रुपये दिले हे कळेल, आणि दोन मुलांत एक बाटली वाटून देता येईल.

ताक, सोलकढी, कोकम सरबत हे पर्याय तुम्ही स्वतःच पत्रात सुचवले आहेत. चवीच्या दृष्टीने माझे मत त्यांच्याच बाजूने आहे, पण ती स्वस्त असतीलच असे समजू नका. ताकाला एमआरपी नसल्यामुळे त्याचा दर लावायला हॉटेल अधिकच मोकळे असते, आणि पुदिन्याची चार पाने घातलेल्या लिंबाच्या पाण्याला परदेशी नाव दिले की ते पावणेदोनशेला जाते. थाळीत ताक किंवा मठ्ठा धरलेला असेल अशा ठिकाणी गेलात तर हा प्रश्नच मिटतो. सत्तरीच्या जेवणासाठी मी तरी असेच ठिकाण शोधीन. घरून पेय नेण्याचा विचार मात्र सोडा. बाहेरचे खाद्यपेय आत आणू न देण्याचा अधिकार मालकाला असतो. चित्रपटगृहांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी तो मान्य केला, आणि त्याच वेळी पिण्याचे स्वच्छ पाणी प्रेक्षकांना फुकट द्यावे असेही सांगितले. लहान बाळाचे खाणे त्यातून वगळलेले आहे. सासूबाईंच्या औषधासाठी घरची पाण्याची बाटली पिशवीत असली तर तिला कोणी हरकत घेईल असे मला वाटत नाही, आणि घेतली तर त्या हॉटेलात पुन्हा न जाणे उत्तम.

मुलांना काय सांगावे, हे तुम्ही ज्या अपराधी सुरात विचारले आहे त्याची गरज नाही. तुमची मुले नऊ आणि तेरा वर्षांची आहेत. त्यांना शंभर रुपयांच्या बाटलीत बारा ग्लास होतात हे गणित सांगा, ते त्यांना तुमच्यापेक्षा लवकर कळेल. ९५ रुपयांचा ग्लास की जेवणानंतरचे आइस्क्रीम, यांत निवड करायला सांगा आणि निवड त्यांच्यावर सोडा. नाही म्हटल्याने ती रुसतात. निवडायला दिले की बहुतेक वेळा रुसायचे विसरतात.

आता झालेल्या बिलाविषयी. सेवा शुल्काचे २४२ रुपये ५० पैसे आणि त्यावरचा बारा रुपयांचा कर परत मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे. आधी हॉटेलला बिलाची प्रत जोडून चार ओळींचे पत्र किंवा ईमेल लिहा, ४ जुलै २०२२ च्या सूचनांचा उल्लेख करा आणि रक्कम परत मागा. आठ-दहा दिवसांत उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. फोनवर हिंदी-इंग्रजीबरोबर मराठीतही बोलता येते, आणि अनेकदा तिथून विचारणा झाली की हॉटेल पैसे परत करून मोकळे होते. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. पण अडीचशे रुपयांसाठी तारखांना जायचे की नाही हे घरात ठरवा. मी स्वतः १९१५ वर थांबेन, सासरे बहुधा थांबणार नाहीत, आणि निवृत्त माणसाकडे वेळ असतो हेही खरे.

दोन गोष्टी आणखी तपासा. मेनूकार्डात ९५ हाच दर होता का? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दरपत्रकात दाखवलेल्या दरापेक्षा जास्त घेणे हे तक्रारीचे स्वतंत्र कारण आहे, आणि इथे हॉटेलाला सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाचा आडोसा मिळत नाही. म्हणून पुढच्या वेळी पेयांच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. दुसरे म्हणजे बिलावर हॉटेलाचा जीएसटी क्रमांक आहे की नाही ते पाहा. छोटी हॉटेले पुष्कळदा कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करभरणीच्या योजनेत, असतात. त्यांना ग्राहकाकडून कर वेगळा घेता येत नाही आणि तसे बिलावर लिहावेही लागते, तरी काही जण पाच टक्के लावून मोकळे होतात. तुमच्या बिलावर क्रमांक छापलेला दिसतो, पण त्याची छपाई पुसट असल्याने मला तो पुरता वाचता आला नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर क्रमांक टाकला की हॉटेल कोणत्या योजनेत आहे ते लगेच कळते.

राहता राहिला तुमच्या घरातला तंटा. मला विचाराल तर त्या रात्री चूक सासऱ्यांची नव्हती आणि यजमानांचीही नव्हती. सासऱ्यांनी प्रश्न बरोबर विचारला, पण चुकीच्या ओळीबद्दल विचारला. यजमानांना वडिलांचा चारचौघांत पाणउतारा होऊ नये असे वाटत होते, आणि ते त्यांनी अशा शब्दांत सांगितले की पाणउतारा त्यांच्याकडूनच झाला. निवृत्त माणसाला मुलाने भर हॉटेलात "हिशेब कसला करता" म्हणणे लागते. ज्या पिढीने काचेची रिकामी बाटली दुकानात परत करून तिचे अनामत पैसे मोजून घेतले, तिला हिशेब हा स्वभावदोष वाटत नाही, आणि तो नाहीच. सत्तरीच्या आधी यजमानांनी वडिलांजवळ बसून हे बिल एकदा त्यांच्यासोबत वाचावे, माझे पत्र दाखवायचे असल्यास तेही दाखवावे, आणि हॉटेलात बिलाविषयी मॅनेजरशी कोणी बोलायचे ते आधीच ठरवावे.

माझी सूचना विचाराल तर ते काम सासऱ्यांकडेच द्या. टेबल आरक्षित करतानाच त्यांनी फोनवर दोन प्रश्न विचारावेत: थाळीत ताक आहे का, आणि सेवा शुल्क लावता का? दुसऱ्याचे उत्तर "हो" आले तर "आमच्या बिलात लावू नका" एवढेच शांतपणे सांगावे. जेवण झाल्यावर बिल यजमानांच्या हाती न देता आधी त्यांच्याकडे सरकवा. फक्त निघताना चष्मा घेतला आहे ना, ते दारातच विचारून घ्या, कारण ती ओळ सगळ्यांत बारीक छापलेली असते.